अंगण, वाडी आणि तालीम : बालशिक्षण व शरीरशिक्षण यांच्या संबंधाचा शब्देतिहास

शिक्षणाच्या इतिहासाचा विचार करताना संस्था, कायदे व व्यक्ती यांच्याकडे अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणेच वेधले जाते. परंतु ज्या शब्दांनी त्या संस्थांची नावे घडली ते शब्दही पुराव्याचे एक साधन होत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण आणि त्यांची शारीरिक हालचाल यांचा महाराष्ट्रात परस्परसंबंध कसा जुळला व पुढे कसा विरला, हे ‘तालीम’, ‘कवाईत’, ‘बालवाडी’ आणि ‘अंगणवाडी’ या चार शब्दांच्या आधारे पाहता येते. हा प्रश्न केवळ पुराणवस्तुसंशोधनाचा नव्हे. रायगड जिल्ह्यातील महाड औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी, जेथे जमिनीचा प्रत्येक तुकडा मोजून वाटला जातो, तेथे लहान मुलाच्या वाट्याला कोणती जागा येते, या व्यावहारिक प्रश्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

प्रथम ‘तालीम’ हा शब्द घेऊ. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकविणे, शिक्षण देणे असा आहे. उर्दू व हिंदी भाषांत तो आजही त्याच अर्थाने चालतो. १९३७ साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या शिक्षणयोजनेस ‘नई तालीम’ हे नाव मिळाले ते यामुळेच. मराठीत मात्र तालीम म्हणजे पहिलवानांनी घुमण्याची, जोर-बैठका काढण्याची जागा. किंवा नाटकाचा सराव. म्हणजे मराठी भाषिकाने शिक्षणवाचक शब्द घेतला आणि तो शरीराच्या शिक्षणाला वाहून टाकला. अक्षरांच्या शिक्षणासाठी त्याच्यापाशी ‘शाळा’ होती. एकाच कल्पनेची दोन घरे झाली, आणि दोन्ही घरांत वावरणाऱ्या मुलाला एका घराचे दुसऱ्या घरी नेता आले नाही.

‘कवाईत’ या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. ‘कायदा’ या शब्दाच्या अरबी मूळरूपाचेच ते अनेकवचन. शाळेच्या पटांगणावर रांगेने उभे राहून हुकुमाबरोबर हातपाय हलविणे म्हणजे शब्दशः ‘नियमांचे पालन’ होय. इंग्रजी अमदानीतील शाळांत शारीरिक शिक्षण प्रामुख्याने या रूपाने आले. त्यास देशी व्यायामाच्या चळवळीने जोरदार उत्तर दिले हे खरे. १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला गेला. त्याच सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. १९२४ मध्ये पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षणसंस्था काढली. परंतु या सर्व प्रयत्नांची दृष्टी कुमार व तरुण यांच्यावर होती. राष्ट्रासाठी बलवान पिढी घडविणे हे त्यांचे ध्येय. त्या ध्येयाच्या चौकटीत चार वर्षांचे मूल बसण्याजोगे नव्हते.

त्या मुलाचा विचार दुसऱ्या परंपरेने केला, आणि तिचा एक उगम कारखान्याच्या वस्तीतच सापडतो, हे महाडच्या संदर्भात विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क या सूतगिरणीच्या गावात रॉबर्ट ओवेन याने १८१६ साली कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. अगदी लहान मुलांना पुस्तकांचा जाच होऊ नये, त्यांनी गावे, नाचावे व शक्य तितका वेळ उघड्यावर खेळावे, असा त्याचा दंडक होता. १८३७ मध्ये फ्रोबेल याने जर्मनीत सुरू केलेल्या संस्थेस पुढे ‘बालकांची बाग’ या अर्थाचे नाव मिळाले. १९०७ मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोममधील श्रमिकांच्या वस्तीत बालगृह उघडले; बाकांना जखडलेल्या मुलांची त्यांनी टाचणीने टोचून ठेवलेल्या फुलपाखरांशी तुलना केली आहे. १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब भागात मॅकमिलन भगिनींनी उघड्या हवेतील बालशाळा चालू केली. या सर्वांच्या विचारांत मतभेद पुष्कळ असले, तरी एका गोष्टीवर त्यांचे एकमत दिसते : लहान मुलाची हालचाल हा शिक्षणातील विसावा नसून शिक्षणच होय.

ही परंपरा पश्चिम भारतात आली ती भावनगरमार्गे. गिजुभाई बधेका यांनी तेथे १९२० मध्ये बालमंदिर काढले. ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. परंतु शहरी मध्यमवर्गाच्या मुलांसाठी असलेली ही पद्धती, तिची परदेशी व महाग साधने, खेड्यातल्या मुलास कशी पोचणार, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी ताराबाईंनी १९४५ च्या डिसेंबरात डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्या कामात सहभागी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीच्या निकट, हलविण्यात आले.

बोर्डीस आलेला अनुभव या विषयाच्या इतिहासातील निर्णायक घटना मानावा लागतो. गावात मध्यवर्ती बालवाडी निघाली. तथापि दलित व आदिवासी वस्त्यांतील मुले तेथे येईनात. तेव्हा मुलांनी शाळेत येण्याची वाट न पाहता शाळाच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या घरांपुढच्या अंगणात नेण्यात आली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मास आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्याच न्यायाने ‘कुरणशाळा’ निघाली. माँटेसरीच्या साधनांची जागा बिया, शंख-शिंपले, पाने, खडे व बांबू यांनी घेतली. या योजनेचे मर्म केवळ स्वस्ताईत नव्हते. ज्या मुलाचा दिवस झाडावर चढण्यात, ओढा ओलांडण्यात आणि गुरांमागे धावण्यात जातो, त्याला हालचाल शिकवावयाची नसते. ती हिरावून न घेता तिच्यात भाषा, मोजणी आणि स्वच्छता गुंफावयाची असते. आजवर मुलाला स्थिर करून शिक्षण दिले जात होते. येथे शिक्षणच हालचालीच्या जागी गेले.

‘अंगणवाडी’ या समासातील दोन्ही पदे या दृष्टीने पारखण्यासारखी आहेत. ‘वाडी’ हा शब्द ‘वाटिका’ या संस्कृत शब्दाशी निगडित असून कोकणात त्याचे दोन अर्थ नांदतात : नारळी-पोफळीची बाग आणि गावाचा एक पोटविभाग. महाड व पोलादपूर तालुक्यांतील गावेही अशीच वाड्यावाड्यांत विखुरलेली आहेत. त्यामुळे ‘बालवाडी’ या शब्दात फ्रोबेलची बागही आली आणि कोकणी माणसाची वस्तीही आली. ‘अंगण’ हे पद याहून अर्थपूर्ण आहे. संस्कृत व्याकरणपरंपरा त्याची व्युत्पत्ती गत्यर्थक ‘अङ्ग्’ या धातूपासून सांगते. म्हणजे अंगण ही मुळात हिंडण्याफिरण्याची, हालचालीची जागा. या व्युत्पत्तीची बोर्डीतील कार्यकर्त्यांना जाणीव होती असे म्हणण्याचे कारण नाही. पण भाषेने जपलेला अर्थ त्यांच्या कृतीने पुन्हा जागा केला, एवढे निश्चित.

यानंतरचा इतिहास हा शब्दाच्या विजयाचा आणि अर्थाच्या संकोचाचा आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि ‘अंगणवाडी’ हे नाव भारतभर गेले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आरोग्य व आहार यांचे शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे आल्या. या सेवांनी अनेक बालकांचे जीव राखले, त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ‘अंगणवाडी’ म्हटले की लोकांच्या मनापुढे आता खोली येते. धान्याची कोठी, वजनकाटा आणि नोंदवह्या येतात. अंगण नावात राहिले.

कारखान्यांच्या कायद्यातही हाच कल दिसतो. १९४८ च्या कायद्याने ५० हून अधिक स्त्रीकामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आवश्यक ठरविले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या ३० वर आली. त्या कलमातील शब्द ‘खोली’ हा आहे : ती पुरेशा उजेडाची, हवेशीर व स्वच्छ असावी. बाकीचा तपशील राज्यांच्या नियमांवर सोपविलेला आहे. शिवाय ही अट स्त्रीकामगारांच्या संख्येशी बांधलेली असल्यामुळे, जेथे मुख्यतः पुरुष कामाला जातात तेथे कामगाराचे मूल तिच्या कक्षेबाहेरच राहिले. २०२० च्या संहितेने ५० हून अधिक कामगारांची, स्त्री-पुरुष असा भेद न करणारी मर्यादा स्वीकारली, ही सुधारणा होय.

आता महाडकडे वळू. बिरवाडीच्या परिसरातील ही वसाहत प्रामुख्याने रासायनिक कारखान्यांची आहे. कोकणातील जुन्या घरापुढे खळे असे. पावसाळा सरला की ते चोपून, सारवून सिद्ध केले जाई. भातझोडणी, वाळवणे आणि मुलांचे खेळ एकाच भूमीवर चालत. लंगडी, शिवाशिवी, फुगडी यांची पहिली शाळा ती. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या मुलास असे खळे मिळेलच असे नाही. रासायनिक वसाहतीत मोकळी जागा दाखवून देणे पुरेसेही नसते. वाऱ्याची दिशा, सांडपाण्याची वाट आणि अवजड वाहनांचे रस्ते पाहूनच ती निवडावी लागते. शिवाय सह्याद्रीच्या पायथ्याच्या या प्रदेशात पावसाचे चार महिने उघडे अंगण निरुपयोगी होते; तेव्हा पडवीसारखी छपराखालची ऐसपैस जागा हाच उपाय. कोकणी घराने हा प्रश्न पूर्वीच सोडविला होता.

याच महाडने १९२७ साली चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने सार्वजनिक जागेवर कोणाचा हक्क, हा प्रश्न देशापुढे ठेवला. त्याच्या मुळाशी असलेला १९२३ चा बोले ठराव पाणवठ्यांप्रमाणेच सार्वजनिक शाळांविषयीही होता. बोर्डीची अंगणवाडी ज्या मुलांसाठी निघाली तीही सार्वजनिक शाळेच्या उंबरठ्याबाहेर राहिलेलीच होती. तेव्हा अंगणाचा प्रश्न हा खेळाच्या हौसेचा नसून समतेचा आहे, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या असता स्पष्ट होते. ज्यांच्यापाशी पैसा आहे त्यांच्या मुलांना क्रीडांगण विकत मिळते. इतरांच्या मुलांना ते सार्वजनिकच असावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन व चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसातून किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल, त्यांपैकी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार, अशी शिफारस केली. भारताच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानून खेळाधारित शिक्षणाचा पुरस्कार केला. हे निष्कर्ष नवे वाटले तरी त्यांतील तत्त्व न्यू लॅनार्कच्या गिरणीगावात व बोर्डीच्या अंगणात आधीच आचरिले गेले होते. १८० मिनिटांची हालचाल एका खोलीत, पंचवीस-तीस मुलांना घेऊन, कोणतीही सेविका करवून घेऊ शकणार नाही. आणि तसा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. जागा हे येथे शिक्षणाचे पहिले साधन आहे, पाटी-पेन्सिलीच्याही आधीचे. वसाहतीच्या नकाशावर कारखान्याचा भूखंड, रस्ता आणि जलवाहिनी यांची नोंद होते त्याच आग्रहाने अंगणाची नोंद झाली, तर ‘अंगणवाडी’ या शब्दास त्याचे पूर्वपद परत मिळेल.