ट्रॉलीचा गंजलेला पत्रा: ठिगळ वेल्डिंगपूर्वीची तयारी

खत, शेण व ओलावा साचून ट्रॉलीचा तळ गंजतो. गंजावरच वेल्डिंग केल्यास जोड सच्छिद्र व कमकुवत होतो. भरलेल्या ट्रॉलीत ठिगळ उखडते.

- ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवा, धुऊन वाळवा. डिझेल व सुका चारा दूर ठेवा.
- हातोडीने ठोकून पाहा. दबणारा, पातळ झालेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापा.
- कडेभोवती सुमारे २५ मि.मी. भाग दोन्ही बाजूंनी ग्राइंडरने चकचकीत करा. गॉगल, मास्क वापरा.
- ठिगळ मूळ पत्र्याच्याच जाडीचे, गोल कोपऱ्यांचे घ्या. जस्ताचा थर असलेला पत्रा टाळा. त्याचा धूर घातक असतो.
- घासलेला भाग पुन्हा गंजू नये म्हणून त्याच दिवशी वेल्डिंग करा. थंड झाल्यावर दोन्ही बाजूंना रेड ऑक्साइड प्रायमर लावा.