नियमाच्या आधीचा कोळी

आजची गोष्ट एका टॅक्स ऑफिसरची.

कार्ल क्लेर्क, स्टॉकहोम. पैशाअभावी शिक्षण अर्धवट सुटलेलं, नोकरी करखात्यात. १७३९ मध्ये त्याने लिनियसचं व्याख्यान ऐकलं आणि गड्याला कोळ्यांचं वेडच लागलं! १७५७ मध्ये त्याचं स्वीडनमधल्या कोळ्यांवरचं पुस्तक आलं.

त्यात एक खेकडा कोळी आहे. हा जाळं विणत नाही. पुढचे लांब पाय पसरून फुलावर दबा धरतो. माशी आली की झडप. मादी तर काही दिवसांत पांढऱ्याची पिवळी होते, फुलाला शोभेल अशी. क्लेर्कने नाव दिलं ‘वाटियस’, म्हणजे फेंगडा. आज आपण त्याला मिसुमेना वाटिया म्हणतो.

आता गंमत बघा. प्राण्यांची अधिकृत नावं १७५८ पासून, लिनियसच्या ग्रंथापासून धरतात. त्याआधीची सगळी बाद. अपवाद एकच: क्लेर्कचे कोळी! चक्क नियमातच तसं लिहिलंय. पुढे १८३३ मध्ये सुंडेवालने या कोळ्यांचं थोमिसिडी कुळ मांडलं. आज त्यात दोन हजारांहून जास्त जाती आहेत.

मी दिवसभर कोड लिहितो आणि रात्री हा पॉडकास्ट करतो. कुणी याला टाइमपास म्हटलं, की मला क्लेर्क आठवतो.