पोलिसांमधील मानसिक ताण

पोलिसांमधील मानसिक ताण म्हणजे कामाचे स्वरूप, कामाचे तास व दलाची शिस्त यांमुळे पोलीस अधिकारी आणि अंमलदार यांच्यावर येणारा भावनिक व शारीरिक भार होय. निद्रानाश, उच्च रक्तदाब, चिडचिड, व्यसनाधीनता आणि नैराश्य हे त्याचे सामान्य परिणाम आहेत.

स्वरूप

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. नोकरीचा भाग म्हणून स्वतःची भावना दाबून ठेवणे किंवा वेगळी भावना दाखवणे, असा तिचा आशय आहे. मृतदेहाचा पंचनामा करणे, नातेवाइकांना मृत्यूची वार्ता देणे आणि लगेच पुढच्या तक्रारदाराचे म्हणणे शांतपणे ऐकणे, ही पोलिसी कामातील त्याची उदाहरणे होत.

कारणे

‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ यांच्या २०१९ च्या अहवालानुसार भारतातील पोलीस दिवसाला सरासरी १४ तास काम करतात. सुमारे निम्म्या पोलिसांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही. रिक्त पदे, ऐनवेळी रद्द होणारी रजा, वारंवार होणाऱ्या बदल्या व कुटुंबापासूनचा दुरावा यांमुळे ताण वाढतो. संघटना स्थापन करण्यावर १९६६ च्या केंद्रीय कायद्याने निर्बंध असल्यामुळे गाऱ्हाणे सामूहिकरीत्या मांडण्याचा मार्ग अरुंद आहे. मुंबईतील पोलिसांचे ऑगस्ट १९८२ मधील आंदोलन लष्कराच्या मदतीने मोडून काढण्यात आले.

ग्रामीण भाग

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात तपास, रात्रगस्त, वाहतूक व न्यायालयीन कामे बहुधा त्याच मोजक्या अंमलदारांकडे असतात. जळगाव जिल्ह्यातील पारोळा तालुक्यातून सुरत–नागपूर महामार्ग जातो. अशा ठिकाणी नेहमीच्या कामात महामार्गावरील अपघातांची, तर सणासुदीला यात्रा व मिरवणुकांच्या बंदोबस्ताची भर पडते.

उपाययोजना

मुंबईतील देवनार पोलीस ठाण्यात मे २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. त्याची मूळ योजना त्याच ठाण्यातील एका पोलीस शिपायाने आखून तत्कालीन पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्याकडे मांडली होती. जानेवारी २०१७ पासून हा प्रयोग मुंबईतील इतर ठाण्यांतही लागू करण्यात आला. पुरेसे मनुष्यबळ नसल्यास अशी पाळी टिकवणे कठीण जाते. त्यामुळे समुपदेशन व योगशिबिरे यांना पदभरतीची जोड आवश्यक ठरते. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या १४४१६ क्रमांकाच्या दूरध्वनी सेवेवर पोलीस व त्यांचे कुटुंबीयही विनामूल्य मानसिक साहाय्य घेऊ शकतात.