बुरशीजन्य तणनाशके : तेलयुक्त फवारे

तणांवर रोग पाडणाऱ्या बुरशीची बीजुके पिकात फवारून तण मारण्याची पद्धत. अमेरिकेत १९८२ मध्ये ‘कॉलेगो’ हे असे उत्पादन भात व सोयाबीनमधील एका शिंबावर्गीय तणासाठी बाजारात आले. भातखाचरातील दमट हवा त्याच्या पथ्यावर पडली. एरवी मात्र असे उपाय काचघरात चालतात आणि शेतात फसतात. कारण साधे आहे : बीजुक रुजून पानात शिरेपर्यंत पान कित्येक तास ओले राहावे लागते आणि तेवढे दव रोज पडत नाही.

यावरचा उपाय म्हणजे तेल. तेल व पाणी घुसळून केलेल्या मिश्रणाला पायस म्हणतात. नेहमीच्या पायसात पाण्यात तेलाचे थेंब असतात. ‘उलट्या’ पायसात तेलाने वेढलेले पाण्याचे थेंब. त्यामुळे बीजुकाभोवतीचे पाणी लवकर उडून जात नाही, फवारा मेणचट पानाला चिकटतो आणि पसरतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत टाकळ्याच्या जवळच्या नातलगावर ‘अल्टरनेरिया कॅसिई’ ही बुरशी अशा पायसातून वापरली गेली. दवावरचे अवलंबन बरेच घटले. ईजिप्तमध्ये जलपर्णीवरील ‘अल्टरनेरिया आयकॉर्नी’वरही असे काम झाले.

अडचणी कमी नाहीत. उलटे पायस दाट असते, साध्या नोझलमधून नीट फवारले जात नाही. तेलाने पिकाची पानेही करपू शकतात. म्हणून बुरशीविना नुसत्या तेलाचा फवारा तुलनेसाठी घ्यावाच लागतो. शिवाय एरवी दाद न देणाऱ्या वनस्पतींनाही अशा पायसातून रोग लागल्याचे प्रयोगांत दिसले आहे.