घडीची साक्ष

काही दिवसांपूर्वी एक तरुण स्नेही आमच्याकडे नोटीस धाडावयाची म्हणून आले. १९५३ सालच्या एका अमेरिकन चित्रपटाचे भित्तिपत्रक त्यांनी बरीच रक्कम मोजून मागविले होते. उलगडून पाहतात तो त्यावर घड्यांच्या चार रेघा! विक्रेत्याने खराब माल गळ्यात मारला, ही त्यांची तक्रार. आम्ही त्यांस दाव्यापासून परावृत्त केले. ते का, हे ह्या छंदाच्या इतर उपासकांसही कळावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत चित्रपटगृहाबाहेर लावावयाचे पत्रक सामान्यतः २७ इंच रुंद व ४१ इंच उंच असे. त्यास एक उभी व तीन आडव्या घड्या घालीत. अशा आठ चौकटींत मिटलेला कागद लिफाफ्यात बसे आणि गावोगावी रवाना होई. १९२० साली स्थापन झालेल्या नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ह्या संस्थेकडे १९४० पासून बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या जाहिरात-साहित्याचे वाटप आले. त्या काळच्या पुष्कळ पत्रकांच्या खालच्या कोपऱ्यात ‘५३/’ असा वर्षाने आरंभ होणारा क्रमांक आढळतो. क्रमांकाच्या आधी ‘आर’ हे अक्षर असल्यास चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, असे समजावे. पत्रके गुंडाळून नळीतून पाठविण्याची रीत रूढ झाली ती १९८० नंतरच्या दशकात.

तेव्हा त्यापूर्वीच्या पत्रकावरील घडी हा दोष नव्हे. उलट, घडीच नसलेली प्रत दिसल्यास अधिक चौकशी करावी. अशा काही अस्सल प्रती आहेत. पण त्या विरळा. मात्र घडी हा एकटा साक्षीदार पुरेसा नाही, कारण नकली कागदासही घडी घालता येते. माप, क्रमांक, छपाई आणि कागद पूर्वी कोणाच्या ताब्यात होता, ह्या सर्वांचा मेळ बसला पाहिजे. तीस वर्षांचा दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर न्यायालयास तो खरा असे गृहीत धरता येते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. संग्राहकाने त्यापासून बोध घ्यावा.

जेथे उभी व आडवी घडी छेदतात, तेथे कागद प्रथम फाटतो. म्हणून पत्रक वारंवार मिटू-उघडू नये, सपाट ठेवावे. चिकटपट्टी लावू नये. कापडावर चढवावयाचे झाल्यास ते पुढे सोडविता येईल अशा खळीने, जाणत्या हातूनच करवावे.

“मग इस्त्री तरी फिरवू का?” स्नेह्यांनी विचारले. आम्ही त्यांस देवस्थानच्या दप्तरात नेले. तेथे एक जुना मोडी कागद आहे. काही वर्षांपूर्वी तो टिकावा म्हणून विश्वस्तांनी त्यावर प्लॅस्टिकचे आवरण तापवून बसविले. त्या ठरावास आमचीही संमती होती. आज कागद आत पिवळा पडत आहे आणि आवरण काढावे तर अक्षरेच निघून येतील. शेजारच्या कागदास कोणी हात लावला नव्हता. तो आपल्या घड्यांसह स्वच्छ वाचता येतो.

स्नेही काही बोलले नाहीत. नोटीस गेली नाही, इस्त्रीही फिरली नाही.