घर कोणाचे? रखमाबाईंपासून २००५ च्या कायद्यापर्यंत

बाईला मारहाण झाली की लोक पहिला प्रश्न विचारतात, "मग ती घर सोडून जात का नाही?" शिकलेसवरलेले विचारतात, आपल्या वस्तीतले कार्यकर्तेही विचारतात. आमच्या मते खोट या प्रश्नातच आहे. मारणारा घरात राहणार आणि मार खाणारी लेकरे घेऊन बाहेर पडणार, हे विचारणाऱ्याने आधीच मान्य केलेले असते. घर त्याचे, ती तिथे आश्रित! हा हिशेब मनुस्मृतीचा आहे. पण आपला कायदाही फार काळ तोच हिशेब चालवत होता, हे इतिहासात दिसते.

रखमाबाईंचे लग्न बालपणी झाले. मोठेपणी त्यांनी दादाजी भिकाजी या नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात तो टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये आदेश झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. 'नांदायला ये' असा दावा लावण्याची तरतूद मात्र आजही हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे, आणि हा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे.

रखमाबाईंच्या खटल्याच्या दोन दशके आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. ते फसवल्या गेलेल्या गरोदर विधवांसाठी होते. प्रश्न वेगळा होता, पण त्यातले तत्त्व आजही लागू आहे : बाई आणि तिचे मूल यांना एकत्र आसरा द्यायचा, जाब विचारायचा नाही. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी स्वतःचा मुलगा मानून वाढवले.

बाबासाहेबांनी हाच विचार कायद्याच्या भाषेत मांडला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले की बायकोने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, गुलाम म्हणून नव्हे. त्याच परिषदेत आपल्या आयाबायांनी घटस्फोटाच्या हक्काचा आणि बहुपत्नीत्वबंदीचा ठराव केला. हिंदू कोड बिल अडवले गेले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. पुढे ते बिल तुकड्यातुकड्याने मंजूर झाले. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याने क्रूर नवऱ्यापासून वेगळे राहून पोटगी मागायचा हक्क दिला. पण बाई 'बदचलन' ठरली की तो हक्क जाणार, ही अटही त्यातच घातली. त्याच वर्षीच्या पालकत्व कायद्यात मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्यानंतर आई. या 'नंतर'चा अर्थ बाप जिवंत असतानाही लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात सांगितले ते १९९९ मध्ये.

१९८३ मध्ये ४९८-अ आले. नवऱ्याचा आणि सासरच्यांचा छळ गुन्हा ठरला. (आता हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे.) पण फौजदारी कलम शिक्षा देते, छप्पर देत नाही. तक्रार दिल्यावर त्या रात्री लेकरांना घेऊन झोपायचे कुठे, याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिले. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. कलम १७ सांगते की घर कोणाच्याही नावावर असो, त्यात राहण्याचा तिला हक्क आहे. भाड्याची खोलीही त्यात येते. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी मारणाऱ्यालाच घराबाहेर जायला सांगू शकतात. मुलांच्या खर्चाचा आदेश कलम २० मध्ये, तात्पुरता ताबा कलम २१ मध्ये. पीडित मूल असेल तर त्याच्या शाळेत पाऊल टाकायलाही छळणाऱ्याला मनाई करता येते.

एवढे स्पष्ट लिहूनही दोन महिन्यांच्या आत, १५ डिसेंबर २००६ रोजी, बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या नावावरच्या घरात सुनेला हा हक्क नाही असे ठरवले. मग काय, अनेक प्रकरणांत घर आईबापाच्या नावावर असल्याचे दाखवून सुनेला बाहेर ठेवता येऊ लागले. तो अर्थ चुकीचा होता, हे त्याच न्यायालयाने आहुजा खटल्यात मान्य केले, १५ ऑक्टोबर २०२० रोजी. चौदा वर्षे गेली!

आता कायदा आहे, अर्थही सरळ झाला आहे. मग अडते कुठे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचे सांगितले. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या शंभरात फक्त १४. कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा असे लिहिले आहे. प्रत्यक्षात आमच्या ओळखीच्या बायका तारखांवर तारखा घेतात. संरक्षण अधिकारी नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना मे २०२५ मध्येही बजावावे लागले.

सरकारला जाब विचारूच. पण आपल्या घरात काय? भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि खाली बायकोला मार, हे चित्र आपल्या वस्त्यांत नाही असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? मारहाण झाली की विहाराची कमिटी बसते, दोघांना समजावते आणि बाईला परत पाठवते. हे १८८७ च्या न्यायालयाचेच काम आपण फुकटात करतो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. कमिटीने बैठक घ्यावी, पण बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नेण्यासाठी. स्त्रीला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद यांच्या प्रती तिच्याजवळ असू द्याव्यात. आणि पुढच्या वेळी कुणी "ती घर का सोडत नाही?" असे विचारले, तर आपण उलट विचारावे : "त्याला अजून घराबाहेर का काढले नाही?"

जय भीम!