पोक्त वयांतील पितृत्व

चाळिशी उलटल्यावर पहिलें मूल मांडीवर घेणारे गृहस्थ पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांत आतां विरळ राहिले नाहींत. शाळेच्या फाटकापाशीं मुलाची वाट पाहत उभ्या असलेल्या अशा गृहस्थास कोणी 'आजोबा' म्हणून हांक मारली म्हणजे तो आधीं ओशाळतो आणि मग हसतो. घरांतील वडील मंडळी हळहळतात, मूल हाताशीं येईपर्यंत हा थकून जाईल असें म्हणतात, आणि हें सारें नव्या काळाचें खूळ आहे असाही शेरा मारतात. हा शेवटचा शेरा मात्र इतिहासास धरून नाहीं. पोक्त वयांत बाप होणें आमच्या समाजास कधींच नवें नव्हतें. नवें आहे तें निराळेंच, आणि तें काय हें समजण्यासाठीं सव्वाशें वर्षें मागें जाणें भाग आहे.

जुन्या काळीं पुरुष बहुधा विशींतच बाप होई. परंतु बायका बाळंतपणांत, तापांत, साथींत भराभर जात. आणि विधुरास दुसरें-तिसरें लग्न करण्यास शास्त्र, रूढि व वडील मंडळी यांचा एकमुखी पाठिंबा असे. वराचें वय कितीही वाढो, वधू आठ-दहा वर्षांचीच मिळे. कारण विधवेशीं विवाह निषिद्ध, आणि उपवर होऊनही अविवाहित राहिलेली मुलगी ब्राह्मणाच्या घरांत असणें अशक्य. नाना फडणवीस १८०० सालीं अठ्ठावन्न वर्षांचे होऊन वारले. त्यांनीं एकामागून एक अशीं अनेक लग्नें केलीं. वंशाला मुलगा कांहीं राहिला नाहीं, आणि मागें राहिलेली जिऊबाई अजून पोरवयांत होती. अशा लग्नांतून मुलगा हवा असे तो पिंडदानासाठीं, म्हणजे बापाच्या परलोकासाठीं. मुलाच्या इहलोकाचा हिशेब कोणी मांडीत नसे. आई पंधरांची आणि बाप पंचावन्नांचा असला म्हणजे मुलास मिसरूड फुटण्यापूर्वींच तें पोरकें होणार आणि आई केशवपन करून माजघराच्या कोपऱ्यांत बसणार, हें सर्वांस ठाऊक असे. १८९९ सालीं गोविंद बल्लाळ देवलांनीं 'शारदा' रंगभूमीवर आणलें आणि म्हाताऱ्या नवरदेवास लोक उघडपणें हंसूं लागले. पण हंसणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं भुजंगनाथ नांदत असावेत!

सुधारकांचीही यांतून सुटका नव्हती. न्यायमूर्ति रानडे यांची पहिली पत्नी १८७३ सालीं वारली तेव्हां ते एकतीस वर्षांचे होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषानें वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकविली आणि त्याच सालीं अकरा वर्षांच्या रमाबाईंशीं लग्न केलें. रमाबाईंचें पुढील कर्तृत्व थोर खरें. तरी त्या दिवशीं निर्णय घेतला तो मुलाच्या पिढीनें नव्हे, बापाच्या पिढीनें.

वीस वर्षांनीं हाच प्रसंग धोंडो केशव कर्वे यांच्यावर आला. त्यांच्या घराकडे आम्ही वळतों तें अण्णांच्या थोरवीचा पाढा पुन्हा वाचण्यासाठीं नव्हे. त्या एकाच घरांत, एकाच माणसाच्या हयातींत, पितृत्वाविषयींच्या समजुती तीनदां पालटल्या, म्हणून.

अण्णांचा जन्म १८५८ चा. रूढीप्रमाणें लहानपणींच लग्न झालें. पहिला मुलगा रघुनाथ १८८२ च्या जानेवारींत जन्मला तेव्हां बाप चोविशींत होता, आणि त्याची पदवी परीक्षा अजून व्हावयाची होती. १८९१ सालीं राधाबाई निवर्तल्या. त्याच सालीं अण्णा फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. कॉलेजांतला पगारदार विधुर म्हटल्यावर मुलींच्या बापांस उंबरठे झिजविण्यास आणखी काय हवें? परंतु अण्णांनीं कुमारिका पत्करली नाहीं. नरहरपंत जोशी या आपल्या मित्राची विधवा बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांत शिकत होती. तिच्याशीं त्यांनीं ११ मार्च १८९३ रोजीं विवाह केला. मुरुडकरांनीं बहिष्कार घातला. गोदूबाईंच्या त्या झाल्या आनंदीबाई, आणि पुढें सर्वांच्या 'बाया'.

या संसारांत १८९४ सालीं शंकर, १८९९ सालीं दिनकर आणि त्यानंतर भास्कर असे तीन मुलगे झाले. दिनकर जन्मला तेव्हां बाप चाळिशींत होता आणि थोरला भाऊ सतरा वर्षांचा. १८९९ मधील चाळिशी ही आजच्या चाळिशीसारखी समजूं नये. त्या दशकांत हिंदुस्थानांतील सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आंत होतें. या सरासरींत अर्भकमृत्यूंचा वाटा मोठा, हें खरें. तथापि विशींत बाप होणाऱ्या त्या पिढींत चाळिशीच्या पुरुषास नातवंडें असणें नवलाचें नव्हतें. अण्णांचे समवयस्क आजोबा होत असतां ते पाळण्याची दोरी हलवीत होते.

निदान हलवावयास हवी होती. कारण १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम निघाला, १९०० सालीं तो हिंगण्यास गेला, आणि कॉलेजचें काम संपलें कीं अण्णा कोसभर नव्हे, त्याहून बरीच वाट तुडवीत पायीं हिंगण्यास जात. साठविलेला पैसा आश्रमास दिला. आयुष्याचा विमा उतरविला होता, तोही आश्रमाच्या नांवें केला. पोक्त वयाच्या बापाचा विमा म्हणजे काय, हें ज्यास लहान मुलें आहेत त्यास सांगावयास नको. विधवा मुलींस त्यानें छप्पर मिळालें. आणि शंकर, दिनकर व भास्कर यांचा आधार तेवढा पातळ झाला.

येथेंच जुन्या आणि नव्या संसारांतील भेद दिसतो. बिजवराच्या घरीं आलेली दहा वर्षांची पोर या व्यवहारांत तोंडही उघडूं शकली नसती. बाया प्रौढ होत्या, शिकलेल्या होत्या, आणि त्या बोलल्या. १९४४ सालीं निघालेल्या 'माझे पुराण' या आत्मकथेंत त्यांनीं संसाराची ओढाताण आणि पतीच्या औदार्याचा आपणांस आलेला राग झांकून ठेवलेला नाहीं. हा राग रास्त होता असें आमचें मत आहे. आश्रम उभा राहणें अवश्य होतें हेंही तितकेंच खरें. दोन्ही गोष्टींचा मेळ अण्णांस घालतां आला नाहीं, आणि तो घालण्याचा भार बायांवर पडला.

थोरल्या रघुनाथरावांनीं तर पितृत्वाचाच प्रश्न केला. गणिताचे प्राध्यापक असलेल्या या मुलानें १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, त्यापायीं नोकरी गमावली, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविलें, खटले सोसले, आणि स्वतः निरपत्य राहण्याचें ठरविलें. ज्या समाजांत पुत्र नसणें हा शाप, तेथें मूल होऊं देणें वा न देणें ही माणसाच्या निवडीची गोष्ट आहे असें त्यांनीं ठणकावून सांगितलें. आज कोणी विचारपूर्वक पस्तिशीपर्यंत थांबतो, तो रघुनाथरावांचें नांव घेत नसला तरी त्यांनींच खणलेल्या वाटेनें चालतो. ते १९५३ सालीं वारले. पंचाण्णव वर्षांच्या बापास तेंही पाहावें लागलें.

दिनकररावांची तऱ्हा आणखी वेगळी. पत्नी इरावतीबाईंस १९२८ सालीं उच्च शिक्षणासाठीं जर्मनीस पाठवावयाचें ठरलें तेव्हां विरोध केला तो महिला विद्यापीठाच्या संस्थापकांनींच! सत्तरीच्या बापाचें न ऐकतां तिशीच्या मुलानें पत्नीस बर्लिनला धाडलें. रानड्यांच्या घरीं १८७३ सालीं जें घडूं शकलें नाहीं तें येथें घडलें. पुढें त्यांची मुलें बापास 'दिनू' म्हणत. अण्णांस 'धोंडू' म्हणण्याची कल्पना त्यांच्या कोणा मुलाच्या स्वप्नांत तरी आली असेल काय?

आजच्या पोक्त बापाची अडचण निराळी आहे. लग्न दोघांच्या पसंतीचें असतें, आई बरोबरीच्या वयाची असते, आणि मूल बापाकडे श्राद्ध नव्हे तर वेळ मागतें. वैद्यकशास्त्र सांगतें कीं बापाचें वय वाढतें तसे बीजांतील नवे बदल थोडेथोडे वाढतात. कायद्यानेंही मर्यादा घातली आहे: २०२१ च्या अधिनियमाप्रमाणें कृत्रिम साहाय्यानें अपत्यप्राप्तीची सेवा पुरुषास पंचावन्न आणि स्त्रीस पन्नास वर्षांपर्यंतच मिळते. जरठ वराच्या काळीं अशी मर्यादा घालण्याचें कोणास सुचलें नव्हतें, कारण मुलाच्या बाजूनें विचार करणारेंच कोणी नव्हतें.

चाळिशींतल्या बापाचा मुलगा बहुधा फार लवकर पोरका होतो, पण दिनकररावांच्या नशिबीं वेगळेंच होतें. बाया १९५० सालीं गेल्या. अण्णा मात्र १९६२ पर्यंत, एकशें चार वर्षांचे होईतों, जगले. त्यांच्या मृत्यूनंतरच्या सालीं अमेरिकेंतील एका विद्यापीठानें महाराष्ट्रीय कुटुंबांच्या आत्मकथांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे अनुवादक होते दिनकरराव, वय वर्षें चौसष्टीच्या घरांत. त्यांत वडिलांची हकीकत आहे आणि आईचीही. आश्रमास दिलेल्या पैशाची नोंद आहे आणि त्याबद्दलच्या रागाचीही.